सूचिचिकित्सा आणि आपली पारख

देह आहे तेथे दुखणे आहे, हे सांगण्यास पंडिताची गरज नाही. आमच्या पळसदेवाच्या परिसरात तर कष्टाची कामे बहुतेक वाकूनच करावयाची. उसाची लागण वाकून, तोडणी वाकून, मोळी उचलणे वाकून. भीमेच्या जलाशयावर जाळे ओढणाराचे खांदे भरून येतात, आणि पुणे-सोलापूर रस्त्यावर रात्रंदिवस मालमोटार हाकणाराची मान धरते. चाळिशी ओलांडली की कंबर व गुडघे ही दोन नावे प्रत्येक घरी ऐकू येतात. मग कोणी बिब्बा घालतो, कोणी डाग देतो, कोणी दुकानातून वेदनाशामक गोळी आणून ती महिनोन्महिने चघळतो. अलीकडे या उपायांत आणखी एकाची भर पडली आहे. तालुक्याच्या व जिल्ह्याच्या ठिकाणी 'ॲक्युपंक्चर' अशा पाट्या दिसतात, आणि 'अमक्याची कंबर सुयांनी सुटली' अशी वार्ता गावात येते. हा उपचार घ्यावा की न घ्यावा, घ्यावयाचा तर कोणत्या दुखण्यावर व कोठवर, याचा विचार विद्यार्थ्यांनी व त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींनी शांतपणे करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ही विद्या काय आहे ते पाहू. आपल्याकडे 'सुई' म्हटली की डॉक्टरांचे इंजेक्शन डोळ्यांपुढे येते. किंबहुना सुई टोचल्यावाचून औषध लागूच पडत नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. सूचिचिकित्सेतील सुई तशी नव्हे. ती पोकळ नसते व तिच्यातून कोणतेही औषध शरीरात जात नाही. केसाहून थोडी जाड अशी ती भरीव सुई शरीराच्या ठराविक जागी टोचून काही मिनिटे तशीच ठेवावयाची, मधून हळूच फिरवावयाची व काढून घ्यावयाची, एवढीच कृती. हिचा उगम चीन देशात झाला व सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी वैद्यकग्रंथांत तिचे वर्णन आढळते. देहात 'ची' नावाची जीवनशक्ती ठराविक वाहिन्यांतून वाहते, ती अडली की रोग होतो आणि सुईने ती मोकळी होते, अशी त्या प्राचीन वैद्यांची कल्पना होती. तेन राइन नावाच्या डच वैद्याने १६८३ साली या विद्येविषयी लॅटिन भाषेत लिहिले, आणि सुई व टोचणे या अर्थांच्या दोन लॅटिन शब्दांपासून झालेले आजचे नाव तेव्हापासून युरोपात रूढ झाले.

ही विद्या परकी, चीनची. तिचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो आपल्या गावावरून जाणाऱ्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाशी, सोलापुरास, जुळलेला आहे. १९३८ साली जपानच्या आक्रमणाने चीन जर्जर झाला असता हिंदी राष्ट्रसभेने तेथे पाच डॉक्टरांचे पथक धाडिले. त्यांत डॉ. अटल हे प्रमुख असून नागपूरचे डॉ. चोळकर, बंगालचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे होते. कोटणिसांचा जन्म १९१० सालचा. म्हणजे निघते वेळी ते अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. बाकीचे यथाकाल परतले. कोटणीस मात्र तेथेच राहिले, चिनी भाषा शिकले, एका चिनी परिचारिकेशी विवाहबद्ध झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी तेथेच देह ठेविला. त्यांची कथा व्ही. शांताराम यांनी १९४६ साली चित्रपटात आणिली, म्हणून ती पुष्कळांस ठाऊक आहे.

कोटणीस हे शस्त्रवैद्य होते. सुयांचे वैद्य म्हणून त्यांची ख्याती नाही. परंतु त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू हे पुढे पुन्हा चीनला गेले, तेथे ही विद्या शिकले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनी त्या वेळच्या कलकत्त्यात तिचा उपचार सुरू केला. हिंदुस्थानात ही विद्या रुजली ती मुख्यत्वे त्यांच्या हातून. तिच्या प्रसारास त्यांनी आपल्या दिवंगत मित्राचे नाव जोडिले, आणि आज पंजाबात लुधियाना येथेही कोटणिसांच्या नावाचे सूचिचिकित्सेचे रुग्णालय आहे. याप्रमाणे सोलापूरच्या एका तरुणाचे नाव या सुईशी कायमचे बांधले गेले आहे. महाराष्ट्राने तर २०१५ च्या स्वतंत्र कायद्याने या उपचारास मान्यता देऊन उपचारकांच्या नोंदणीसाठी परिषद निर्माण केली, आणि २०१९ साली केंद्र सरकारनेही तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्य केले.

परंतु थोर पुरुषाचे नाव किंवा सरकारची मान्यता यांमुळे औषध गुणकारी ठरत नसते. मान्यतेने धंद्यास शिस्त लागते. गुण आहे की नाही हे प्रयोगानेच ठरावयाचे. ते प्रयोग काय सांगतात?

उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले म्हणजे जुन्या पळसनाथाच्या देवळाचे शिखर हळूहळू वर येते, हे आपण दुष्काळी वर्षांत पाहतो. या विद्येचेही तसेच आहे. अतिशयोक्तीचे पाणी ओसरू दिले म्हणजे खाली काय आहे ते दिसते. एक उदाहरण घ्या. १९७१ च्या जुलै महिन्यात जेम्स रेस्टन नावाच्या अमेरिकन वृत्तपत्रकाराचे आंत्रपुच्छ पेकिंग येथे शस्त्रक्रियेने काढण्यात आले. 'केवळ सुया टोचून त्यास भूल दिली' अशी कथा जगभर पसरली व आजही सांगण्यात येते. वस्तुतः शस्त्रक्रिया नेहमीच्या औषधाने बधिर करूनच झाली. पुढे पोटात वारा धरून अस्वस्थता वाटू लागली, तेव्हा सुया टोचण्यात आल्या व त्यास आराम पडला. त्याने आपल्या लेखात सरळ तसेच लिहिले होते. खरी गोष्ट लहान होती. सांगणारांनी ती मोठी केली.

आता मोजून पाहिलेली गोष्ट ऐका. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रोग्यांचे तीन गट करण्यात आले व त्याचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या गटास शास्त्रोक्त जागी सुया टोचल्या. दुसऱ्यास भलत्याच जागी, वरवर टोचल्या. तिसऱ्यास औषधे, व्यायाम इत्यादी नेहमीचे उपचार दिले. सहा महिन्यांनी पहिल्या गटात शेकडा सुमारे ४८, दुसऱ्यात ४४ आणि तिसऱ्यात २७ रोग्यांस उतार पडलेला आढळला. या तीन आकड्यांत सर्व वादाचे सार आहे. सुयांनी आराम पडतो, हे खरे. कारण ४८ कोठे व २७ कोठे! परंतु सुई ठराविक जागी टोचली काय किंवा भलत्या जागी टोचली काय, फरक अल्पच पडतो, हेही तितकेच खरे. मग 'ची'च्या वाहिन्यांची कल्पना कितपत टिकते, याचा विचार बुद्धिमान विद्यार्थ्याने स्वतःच करावा. टोचल्याने शरीर आपली स्वतःची वेदनाशामक द्रव्ये सोडते, असे मानण्यास आधार आहे. शिवाय कोणीतरी आपल्याकडे अर्धा तास लक्षपूर्वक पाहिले, धीर दिला, स्वस्थ निजविले, याचाही गुण असतो. तो गुण खोटा नव्हे. पण तो सुईच्या नावावर जमा करू नये.

शस्त्रक्रियेनंतरची मळमळ व ओकारी, जुनाट कंबरदुखी व मानदुखी, गुडघ्याचा संधिवात, वरचेवर उठणारी डोकेदुखी, एवढ्या दुखण्यांत सूचिचिकित्सेने काही रोग्यांस काही आराम पडतो, असे म्हणण्यास जागा आहे. इंग्लंडातील आरोग्यविषयक शिफारसी करणाऱ्या संस्थेने २००९ साली कंबरदुखीवर हा उपचार सुचविला, २०१६ साली पुरावा पुनः तपासून ती शिफारस मागे घेतली, आणि २०२१ साली दुसऱ्या एका प्रकारच्या जुनाट वेदनेसाठी तिचा विचार करावा असे सांगितले. यास कोणी धरसोड म्हणेल. मी तिला प्रामाणिकपणा म्हणतो. नवा पुरावा मिळाल्यावर मत बदलणे हीच शास्त्राची रीत होय.

याउलट मधुमेह, क्षय, कर्करोग, हृदयविकार, सर्पदंश, कावीळ, लहान मुलाचा तीव्र ज्वर, यांवर सुयांचा भरवसा ठेवणे म्हणजे घर जळत असता दारात रांगोळी घालणे होय. वेदना ही देहाची हाकाटी आहे. ती शांत झाली म्हणजे रोग गेला असे नव्हे. कित्येकदा हाक बंद पडते व चोर घरातच राहतो. रात्री घाम येतो, वजन उतरते, खोकला दोन आठवडे राहतो, अशा मनुष्याची पाठ सुयांनी हलकी करीत बसले, तर मणक्याचा क्षय आत वाढत राहील. माझा आक्षेप सुईवर नाही. सुईपायी दवडलेल्या वेळेवर आहे.

फेपऱ्याचेच पाहा. कोटणिसांचा अंत याच आजाराने झाला. आज त्यावर नेमाने घ्यावयाची चांगली औषधे आहेत, व ती घेऊन बहुसंख्य रोगी झटक्यांवाचून शाळा, शेती, संसार करू शकतात. तरीही मुलास झटका आला की त्यास जोडा हुंगवावयाचा, मग देवऋषी, मग डाग, मग कोणी सांगितले म्हणून सुया, अशी वर्षे जातात. या आजारात सूचिचिकित्सेचा गुण येतो असे सिद्ध झालेले नाही. झटका आलेल्या मुलास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, भोवतालच्या टणक वस्तू दूर साराव्या आणि डॉक्टरांस दाखवावे. हे प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे.

दुसरी सावधगिरी सुईच्या शुद्धतेची. कोटणीस ज्या रुग्णालयाचे प्रमुख झाले त्यास डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचे नाव होते. हे कॅनडातील एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे चिरंजीव. १९३९ साली चिनी जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत असता त्यांचे बोट कापले, जखमेत विष भिनले व त्यातच ते मरण पावले. एवढ्या कुशल शस्त्रवैद्याचा बळी एका बोटाच्या जखमेने घेतला! तेव्हा एकाची सुई दुसऱ्यास टोचणाराच्या वाऱ्यासही उभे राहू नये. त्यापासून कावीळ व त्याहून भयंकर रोग जडतात. सुई आपल्यादेखत नव्या, बंद पाकिटातून काढलेली असावी आणि वापरल्यावर टाकून दिलेली असावी. छातीवर अननुभवी हाताने खोल टोचलेली सुई फुप्फुसासही भोक पाडू शकते, हेही विसरू नये.

कित्येक श्रद्धाळू ख्रिस्ती बांधव विचारतात की, ज्या विद्येच्या मुळाशी परधर्मीयांच्या कल्पना आहेत ती आपण घ्यावी काय? माझ्या मते यात धर्मास बाध नाही. जखमी वाटसरूच्या अंगावर तेल व द्राक्षारस ओतणारा तो शोमरोनी कोणत्या मताचा आहे, असे त्या वाटसरूने विचारले नाही. आणि मिरजेस १८९४ साली डॉ. वान्लेस यांनी रुग्णालय उघडिले तेव्हा हिंदू-मुसलमानांनीही त्यांच्या शस्त्राचा धर्म विचारला नाही. उपचार घ्यावा, त्याच्या भोवतालची भोळी समजूत घेऊ नये. सर्व गोष्टी पारखून चांगले तेवढे धरावे, असा जो उपदेश पौल प्रेषिताने थेस्सलनीकाच्या मंडळीस केला, तो औषधांनाही लागू आहे.

तेव्हा पालकांस माझी विनंती एवढीच की, सुयांकडे जावयाचे तर चार गोष्टी कराव्या. प्रथम डॉक्टरांकडून दुखण्याचे निदान करून घ्यावे. मग उपचारक नोंदणीकृत आहे की नाही ते निःसंकोचपणे विचारावे. चालू औषध त्याच्या सांगण्यावरून बंद करू नये. जो 'सर्व औषधे सोडा' म्हणेल त्यास सोडावे. आणि किती बैठका, किती पैसे, हे आधी ठरवून पाच-सहा बैठकांत काही उतार न पडल्यास थांबावे. उसाच्या बिलावर वर्ष काढणाऱ्या कुटुंबास ही गोष्ट लहान नाही. इतके सांभाळून ज्याच्या कंबरेस सुईने आराम पडेल, त्याने तो खुशाल घ्यावा. मनास येईल तशा वेदनाशामक गोळ्या खाऊन जठर व मूत्रपिंडे बिघडविण्यापेक्षा ते पुष्कळ बरे.

विद्यार्थीमित्रहो, कोणी काही सांगितले की ते एकदम मानणे सोपे, आणि एकदम झिडकारणे त्याहून सोपे. 'किती जणांस दिले? कशाशी ताडून पाहिले? किती जणांस गुण आला?' हे तीन प्रश्न विचारणे तेवढे कठीण. गणिताच्या तासाला शिकलेली शेकडेवारी परीक्षेच्या कागदापुरती नाही. आईच्या गुडघ्याचा व बापाच्या कंबरेचा निर्णय करण्यासही ती उपयोगी पडते. घरात शिकलेले पहिले माणूस पुष्कळदा तुम्हीच असता. औषधाच्या पाकिटावरील मजकूर तुम्हीच वाचून दाखविता, दवाखान्याची चिठ्ठी तुम्हीच समजावून सांगता. तेथे तुमची पारख खरी उतरली, तर शाळेने दिलेल्या विद्येचे चीज झाले असे समजावे.