धरणाला सुधारित मान्यता, घरकुलाला काय?

पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण उभे आहे. १९८३ साली त्याची किंमत ३७२ कोटी रुपये धरली होती. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले. २००९ साली प्रकल्प ‘राष्ट्रीय’ ठरला, तोवर आकडा ७,७७८ कोटींवर पोहोचला होता. २०१६ साली तो १८,४९४ कोटी झाला. ही सगळीच उधळपट्टी नव्हे. भूसंपादन महागले, बुडीत गावांच्या पुनर्वसनाचा हिशेब आधी नीट धरलाच नव्हता. पण डाव्या कालव्याचे निकृष्ट अस्तर उखडून पुन्हा करावे लागले, त्याला महागाई म्हणता येत नाही.

आता त्याच तालुक्यातले घरकुल पाहा. प्रधानमंत्री आवास योजनेचे १ लाख २० हजार रुपये २०१६ साली ठरले. सिमेंट, सळई, गवंड्याची मजुरी वाढत गेली, योजनेची मूळ रक्कम जागची हलली नाही. राज्याने ५० हजारांची भर घालायला २०२५ उजाडले. धरणाचा खर्च वाढला की सुधारित प्रशासकीय मान्यता मिळते. घरकुलाचा वाढला की लाभार्थी बचत गटाकडे, नाहीतर सावकाराकडे जातो.

लाभार्थ्याचेही चुकते. २५ चौरस मीटरचे घर मंजूर असताना पुढे खोली काढता येईल म्हणून जोते मोठे घेतले जाते, आणि स्लॅबपर्यंत पोहोचण्याआधीच पैसा संपतो. हा मोह समजण्यासारखा आहे. घर आयुष्यात एकदाच होते. म्हणून पाया खोदण्यापूर्वीच अभियंत्याने जागेवर उभे राहून खर्च मांडून दाखवायला हवा. आज तो बहुतेकदा हप्त्यासाठी फोटो काढायला येतो.

शिवाय हा धानपट्टा आहे. रोवणीत आणि कापणीत मजूर मिळत नाहीत, पावसात विटा भिजतात. बांधकामाचा खरा हंगाम डिसेंबर ते मे. त्या महिन्यांत सगळेच बांधायला काढतात आणि विटा-वाळूचे भाव चढतात. पहिला हप्ता मार्चमध्ये पडला, तर घर पावसात अडकणारच. तो दिवाळीपर्यंत खात्यात यावा, घरकुलाची पाच ब्रास मोफत वाळू त्याच सुमारास प्रत्यक्ष दारात पडावी आणि शासकीय दरसूची बदलेल तेव्हा अनुदानही बदलावे. ठेकेदाराच्या कामांना ही दरसूची लागू होतेच.