भाड्याचं की मालकीचं?

लाखांदूर तालुक्यातल्या एका भगिनीनं पत्रातून विचारलं आहे, "घरी कॉम्प्युटर आहे. लग्नपत्रिका, नाटकांची पोस्टरं करून द्यावी असं मनात आहे. डिझाइनचं सॉफ्टवेअर दरमहा वर्गणी भरून वापरावं, की बचत गटाचं कर्ज काढून एकदाच विकत घ्यावं?"

प्रश्न साधा नाही, कारण कर्ज गटाचं आहे. हप्ता चुकला तर दहाजणींपुढे मान खाली जाते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बाजाराची रीत पाहू. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर करणाऱ्या अ‍ॅडोबी कंपनीनं मे २०१३ मध्ये जाहीर केलं की, यापुढच्या नव्या आवृत्त्या वर्गणीनंच मिळतील. म्हणजे पैसे भराल तोवर वापराल. मांडववाल्याकडून आणलेल्या गंजासारखंच हे; कार्य आटोपलं की परत! एकरकमी विकत मिळणारी सॉफ्टवेअरंही असतात. ती आमच्या भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांसारखी, घरातच राहतात. पण पितळेलाही कल्हई लागतेच ना? काही वर्षांनी कॉम्प्युटर बदलला की जुनं सॉफ्टवेअर त्यावर चालेलच असं नाही. तेव्हा "एकदा घ्या, जन्माची काळजी मिटली" असं कुणी म्हटलं तरी भुलू नका.

आता हिशेब. आमच्या भागात या कामाला हंगाम असतो. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे बरं का, जत्राच ती! तिच्यासोबत झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई, ती आषाढापर्यंत. मग रोवणी आणि चातुर्मास. त्या चार महिन्यांत पत्रिका कोण छापणार? वर्गणीला मात्र चातुर्मास नसतो.

समजा, वर्गणी महिना १,००० रुपये आहे. वर्षाचे झाले १२,०००. काम आठच महिने, म्हणजे कामाचा महिना १,५०० रुपयांना पडला. तेच सॉफ्टवेअर समजा ३०,००० रुपयांना विकत मिळालं, तर अडीच वर्षांनी दोन्ही खर्च सारखे होतात. शिवाय कर्जाचं व्याज वेगळं. हे आकडे उदाहरणापुरते. खरा भाव विचारून तुम्ही स्वतः मांडणी करा. तीन वर्षं हे काम टिकेल अशी खात्री असेल तर विकत घेणं परवडतं. काम जमेल की नाही हेच ठाऊक नसताना एवढी रक्कम अडकवू नये.

वर्गणी घेताना एक गोष्ट नीट वाचावी. "करार वर्षाचा, हप्ता महिन्याचा" असा प्रकार असतो. मधेच सोडलं तर दंड भरावा लागतो. हा दंड ग्राहकांपासून दडवला, असं म्हणत २०२४ मध्ये अमेरिकन सरकारनं अ‍ॅडोबीवरच दावा लावला होता. शक्यतो एकेका महिन्याची वर्गणी घ्या. थोडी महाग पडली तरी हंगामापुरतीच भरता येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ऑक्टोबर २०२१ पासून, कार्डावरून अशी रक्कम आपोआप कापण्याआधी बँकेनं निदान २४ तास कळवायचं असतं. तो मेसेज न वाचता पुसू नका.

"अहो, दुकानात फुकट टाकून देतात की!" असंही कुणी सांगेल. ती चोरीची प्रत. कॉपीराइट कायद्यात ती जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही कैद आणि दंड आहे. वर व्हायरस येऊन गिऱ्हाइकाचं काम बुडालं तर नाव आपलं जातं.

सरळ वाटेनं फुकट मिळणारंही आहेच. इंकस्केप हे सॉफ्टवेअर २००३ पासून जगभरचे लोक मिळून करत आहेत. धंद्यासाठी वापरलं तरी पैसे नाहीत. त्यात युनिकोड मराठी नीट उमटतं. मुंबईच्या 'एक टाइप'चे मुक्ता आणि बलू हे देखणे मराठी फॉन्टही मोफत आहेत. फाइल प्रेसला देताना अक्षरं कर्व्ह करून पीडीएफ द्यावी, म्हणजे तिथे फॉन्ट नसला तरी जोडाक्षरं मोडत नाहीत. पडद्यावरचा रंग कागदावर थोडा बदलतो, म्हणून आधी एक नमुना छापून घ्यावा.

सॉफ्टवेअर कुठलंही असो, प्रत्येक कामाची पीडीएफ पेनड्राइव्हवर ठेवाच. वर्गणी थांबली की कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या आपल्याच फाइली उघडेनाशा होऊ शकतात. घर भाड्याचं असलं तरी दागिने आपल्या पेटीत हवेत!

तेव्हा बाई, यंदा कर्ज काढू नका. इंकस्केपवर दोन-चार ओळखीच्यांच्या पत्रिका करा. एक वही घालून कुणाचं काम, किती दिवस लागले, किती पैसे मिळाले, कुठे अडलं, हे लिहीत जा. अडलेली कामं वाढली, तर हंगामात महिनाभराची वर्गणी घेऊन पाहा. लागोपाठ दोन हंगाम वहीत नफा दिसला, की मग विकत घेण्याचा विचार करा, आणि तोही शक्यतो त्याच नफ्यातून.