'हाफिजजी' म्हटलं की प्रश्न मिटतो?

आमच्या मोहल्ल्यात अंध माणसाला त्याच्या नावानं हाक मारणारे थोडेच. कुरआनचं एक पानही पाठ नसलं तरी तो 'हाफिजजी'. पलीकडच्या वस्तीत असाच माणूस 'सूरदास' होतो. दोन्ही शब्दांत आदर आहे, मान्य. पण चिखली, मलकापूर, खामगाव अशा आपल्या जिल्ह्यातल्या गावांत मी पाहत आलोय की बहुतेकदा सगळं त्या आदरावरच थांबतं. मुलाला दिसत नाही हे कळलं की घरातले मोठे त्याचं आयुष्य ठरवून मोकळे होतात. मुलगा असेल तर हिफ्ज, मुलगी असेल तर घराचा कोपरा.

हिफ्जला माझा विरोध नाही. अख्खं कुरआन पाठ करणं ही मोठी कमाई आहे. माझा आक्षेप एवढाच, की दुसरा रस्ता आहे हे त्या मुलाला कुणी सांगतच नाही. इजिप्तच्या खेड्यातला ताहा हुसैन लहानपणीच आंधळा झाला, तोही डोळे आल्यावर झालेल्या चुकीच्या इलाजामुळे. त्यानंही लहान वयात कुरआन पाठ केलं. पण तो तिथं थांबला नाही. अल-अजहर, मग कैरो विद्यापीठाची 1914 सालची डॉक्टरेट, मग पॅरिस, आणि 1950 मध्ये देशाचा शिक्षणमंत्री. इतकं लांब जायचं नसेल तर आपल्या बयानांत येणारे अब्दुल्ला इब्न उम्मे मक्तूम आठवा. ते अंध होते आणि अजान देत, हे सगळे सांगतात. पैगंबर मदिनेबाहेर असताना अनेकदा ते मागे नायब म्हणून असत, हे फारसं कुणी सांगत नाही.

पण मुळात इतकी माणसं आंधळी होतात कशानं? बहुतेकदा उशिरानं. 2015 ते 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशी ओलांडलेल्यांमधल्या अंधत्वाचं सुमारे 66 टक्के कारण मोतीबिंदू निघालं. म्हणजे छोट्याशा शस्त्रक्रियेनं परत येणारी नजर. सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते. तरी घरोघरी ऐकू येतं, 'अजून पिकला नाही, पिकू दे.' पिकायची वाट बघण्याचा काळ कधीच गेला. रोजच्या कामात अडचण यायला लागली की शस्त्रक्रिया करता येते, उलट फार पिकलेला मोतीबिंदू काढायलाच अवघड. त्याच पाहणीत अंधत्वाचं प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आढळलं. मला त्याचं नवल वाटत नाही. नानी, खाला, अम्मी 'दिसतंय की थोडं' म्हणत तांदूळ निवडत राहतात. त्यांना दवाखान्यात नेणारं माणूस रिकामं नसतं.

काचबिंदूचं मात्र तसं नाही. त्यात गेलेली नजर परत येत नाही. तो दुखत नाही, कडेकडेनं नजर खात येतो. घरात कुणाला काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर इतरांनीही तपासून घ्यायला हवं. शुगर असेल तर वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा दाखवायचाच, नजर चांगली असली तरी.

आपल्या तरुणांचा धोका आणखी वेगळा. वेल्डिंगच्या आणि गॅरेजच्या दुकानात डोळ्यात लोखंडाचा कण गेला की शेजारचा कारागीर रुमालाच्या टोकानं काढतो. सोयाबीन काढताना काडी किंवा पात्याचं टोक लागतं. मग मेडिकलमधून 'लाल डोळ्याचा ड्रॉप' आणला जातो. त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळाच्या जखमेत बुरशी असेल, तर डोळा काही दिवसांत जाऊ शकतो. पन्नास-शंभर रुपयांचा चष्मा घालून वेल्डिंग करायला लाज कसली?

एक गोष्ट आपल्यात बोलायला अवघड जाते, पण बोलतो. रातांधळेपणापासून सुरू होऊन हळूहळू नजर नेणारे पडद्याचे काही आजार आनुवंशिक असतात, आणि जवळच्या नात्यात लग्न झालं की त्यांची शक्यता वाढते. हे केवळ चुलत भावंडांच्या लग्नांबद्दल नाही, मामाच्या मुलीशी लग्न लावणाऱ्या आपल्या हिंदू शेजाऱ्यांनाही लागू आहे. खानदानात असा आजार असेल तर निकाह ठरवण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

आणि ज्यांची नजर परत येणारच नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. 40 टक्के किंवा जास्त दृष्टिदोष असेल तर 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण मिळतं, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, निवड आपली. उच्च शिक्षणात 5 टक्के जागा. सरकारी नोकरीत दिव्यांगांसाठी 4 टक्के, त्यातला 1 टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. परीक्षेत लेखनिक आणि दर तासाला 20 मिनिटं जादा. एसटीत सवलत. (एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर मात्र 30 टक्केच धरतात, हे आधीच माहीत असलेलं बरं.) उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांना पूर्ण अंधत्वाचं कारण देऊन रेल्वेची लेखासेवा नाकारली गेली. त्या पुन्हा परीक्षेला बसल्या आणि 124 व्या क्रमांकानं आयएएस झाल्या. त्या अभ्यास करत स्क्रीन रीडरवर. तसाच वाचून दाखवणारा टॉकबॅक प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये फुकट असतो.

या सगळ्याचा दरवाजा म्हणजे यूडीआयडी कार्ड, आणि तिथंच आपली माणसं अडतात. अर्ज ऑनलाइन, तपासणी सरकारी रुग्णालयात. सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूर किंवा जळगाव जामोदहून घाट चढून बुलढाण्याला यायचं तर मजुराचा अख्खा दिवस जातो. आधारवर नाव एक, रेशन कार्डावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. आपल्याकडे 'शेख', 'बी', 'खान' कधी पुढे, कधी मागे, कधी गायबच. म्हणून तरुणांना माझं सांगणं सरळ आहे. जुम्म्यानंतर मशिदीबाहेर चारजण फोन घेऊन बसा. मोहल्ल्यात कुणाला दिसत नाही त्याची यादी करा, बायकांची नावं विसरू नका. नावांचे घोळ आधी दुरुस्त करा, मग अर्ज भरा, आणि तपासणीच्या तारखेला एकानं सोबत जा. मोतीबिंदूवाले निघाले तर त्यांना त्याच फेरीत घेऊन जा.