परवाना भूमापकाला, भुर्दंड शेतकऱ्याला?



मोजणारा चुकतो आणि भरतो कुणबी, ही महाराष्ट्रातली जुनी रीत आहे. 1828 च्या सुमारास पुणे जिल्ह्यात प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली जमिनींची मोजणी झाली. हाताखालच्या माणसांनी मोजमापात आणि प्रतवारीत घोळ घातले. त्यावर बसवलेला सारा झेपेना, म्हणून कुणबी जमिनी टाकून परागंदा झाले. शेवटी 1835-36 मध्ये इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांना सगळे काम नव्याने करावे लागले. साहेबाची चूक साहेबाने दुरुस्त केली. पण देशोधडीला लागलेल्या कुणब्याला काय मिळाले?

हे आज आठवण्याचे कारण आहे. परवानाधारक खाजगी भूमापक नेमण्याचा निर्णय 2025 साली राज्य सरकारने जाहीर केला. मोजणी खाजगी भूमापकाने करायची आणि भूमि अभिलेख खात्याने ती तपासून प्रमाणित करायची, अशी ही व्यवस्था.

आमचा या निर्णयाला विरोध नाही. मोजणीचा सरकारी मक्ता मोडलाच पाहिजे. या मक्त्याने आजवर काय केले? उशीर तयार केला आणि तोच शेतकऱ्याला विकला. साधी, तातडीची, अतितातडीची अशा पायऱ्या लावल्या. 1 डिसेंबर 2024 पासून दोन प्रकार ठेवले, तेव्हा ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला 2000 रुपये आणि द्रुतगतीला 8000 रुपये असा दर लावला. जमीन तीच, यंत्र तेच, भूकरमापकही तोच. वरचे 6000 रुपये कशाचे? रांग मोडण्याचे!

पण मक्ता मोडणे वेगळे आणि मक्त्यात वाटेकरी आणणे वेगळे. मोजणी खाजगी माणसाकडे आणि शिक्का खात्याकडे, एवढ्यावरच सुधारणा थांबली तर शेतकऱ्याला एका दाराऐवजी दोन दारे झिजवावी लागतील. खाते म्हणेल, मोजणी भूमापकाची. भूमापक म्हणेल, शिक्का खात्याचा. चुकीची हद्द घेऊन शेतकरी मात्र मधल्या मध्ये उभा.

चूक म्हणजे काय, याचा हिशोब करा. 660 फूट लांबीच्या बांधावर रेघ पाच फूट सरकली तर 3300 चौरस फूट, म्हणजे तीन गुंठे जातात. तीन गुंठ्यांसाठी भाऊ भावावर कुऱ्हाड उगारतो, हे सांगायला आम्हाला पुस्तक उघडावे लागत नाही. मग निमताना मोजणीचा अर्ज करा, पुन्हा फी भरा, नाहीतर दिवाणी कोर्टात हयात घालवा. सात-बारावर नाव लागलेल्या बहिणीचा किंवा विधवेचा हिस्सा तर मोजणी होऊन खुणा लागेपर्यंत कागदावरच राहतो.

कोणी म्हणेल, आता रोव्हर आले, इंचाचाही फरक पडणार नाही. यंत्र अचूक असेल. पण ते ज्या नकाशाला जुळवायचे तो नकाशा? 1947 च्या कायद्याखाली एकत्रीकरण झाले तेव्हा कित्येक गावांत गटाचा नकाशा एकीकडे आणि वहिवाट दुसरीकडे झाली. चुकीच्या नकाशावर अचूक यंत्र लावले तर चूकच अचूक होते. जुने टिपण कोणी पडताळायचे, हे परवान्याच्या नियमातच लिहिलेले पाहिजे.

शेजारच्या कर्नाटकात जमिनीचा तुकडा विकण्याआधी मोजणीचा नकाशा लागतो आणि ते काम परवानाधारक भूमापकही करतात. म्हणजे हे अशक्य नाही. पण परवान्यासोबत जबाबदारी आली पाहिजे. म्हणून आमच्या मागण्या अशा:

1. पात्रता परीक्षा उतरलेल्या प्रत्येकाला परवाना मिळावा. तालुक्याला इतकेच, असा कोटा नको. भूमापक निवडण्याचा हक्क शेतकऱ्याचा.

2. दरपत्रक ग्रामपंचायतीत लावावे. प्रत्येक रुपयाची पावती मिळावी.

3. लगतच्या खातेदारांना लेखी नोटीस दिल्याशिवाय आणि त्यांची हरकत नोंदवल्याशिवाय मोजणी धरू नये.

4. प्रमाणित करण्याला मुदत असावी. मुदत चुकली तर कारण लेखी द्यावे आणि फी परत करावी.

5. मोजणी चुकीची ठरली तर फेरमोजणीचा खर्च भूमापकाच्या अनामत रकमेतून व्हावा. डोळे झाकून शिक्का मारणाऱ्या अधिकाऱ्यावरही तोच न्याय लागू करावा.

6. जमीन खरेदी-विक्रीची दलाली करणाऱ्याला परवाना देऊ नये. स्वतःच्या वा नातेवाइकांच्या हितसंबंधाची जमीन भूमापकाने मोजू नये.

या मागण्यांचा ठराव जिल्हा बैठकीपुढे येईल. येताना प्रत्येकाने आपल्या मोजणीच्या अर्जाची पोच, फीची पावती आणि मिळाली असेल तर 'क' प्रत बरोबर आणावी. अर्ज कधी केला, मोजणी कधी झाली, नकाशा कधी हाती पडला, या तीन तारखा गावनिहाय लिहून घेऊ. सरकारने आजवर आमच्या जमिनी मोजल्या. आता सरकारचा उशीर आम्ही मोजू.