तार गंजते, सुगी अडते

टेक्सासमधील गहू मे महिन्यात कापणीला येऊ लागतो, तर माँटाना आणि नॉर्थ डकोटातील ऑगस्टमध्ये. या दोन टोकांमध्ये कंबाइन, ट्रक आणि राहण्याच्या गाड्या घेऊन पिकामागून उत्तरेकडे सरकणारे कंत्राटी कापणीवाले ही अमेरिकेतील ग्रेट प्लेन्सची जुनी परंपरा आहे. युद्धकाळातील मजूरटंचाईत, 1944 मध्ये, मॅसी-हॅरिस कंपनीचे 500 कंबाइन या मार्गावर उतरले आणि व्यवसायाला मोठी चालना मिळाली.

येथे मोबदला कापलेल्या एकरांवर, उताऱ्यावर आणि वाहून नेलेल्या बुशेलवर ठरतो. उभ्या यंत्राचे पैसे कोणी देत नाही. कर्जाचे हप्ते आणि एच-2ए व्हिसावर आलेल्या कामगारांचा खर्च मात्र चालूच राहतो.

या साखळीतील सर्वांत दुर्लक्षित दुवा म्हणजे ट्रक. तो कोठारापर्यंत पोहोचून परतला नाही, तर कंबाइनची टाकी भरते आणि कापणी थांबते. ट्रक अडण्याचे कारण अनेकदा क्षुल्लक असते: ट्रेलरच्या जोडणीतील गंजलेली पिन, सैल झालेले अर्थिंग किंवा उंदरांनी कुरतडलेली वायर. दिवे बंद पडले की रस्त्यावरील तपासणीत गाडी अडकते. नव्या डिझेल ट्रकांत धोका आणखी वाढतो. उत्सर्जन नियंत्रणाच्या सेन्सरची वायरिंग बिघडली, तर इंजिन सुस्थितीत असूनही संगणक त्याची शक्ती घटवतो. तिकडे पिकलेल्या गव्हावर पावसाचे आणि गारपिटीचे सावट असते.

म्हणून खरा प्रश्न तारेचा नाही, तर दोष शोधण्याच्या अधिकाराचा आहे. निदानाचे सॉफ्टवेअर विक्रेत्याच्याच हाती असेल, तर शेतात उभा असलेला कुशल मेकॅनिकही हतबल ठरतो. कोलोरॅडोचा शेतीयंत्र दुरुस्ती हक्काचा कायदा जानेवारी 2024 पासून लागू झाला. जानेवारी 2025 मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने याच मुद्द्यावर डीअर कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. ऑगस्ट 2025 मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने उत्पादकांना, बिघाडानंतर दुरुस्तीसाठी अधिक अवधी मिळेल असे बदल सॉफ्टवेअरमध्ये करण्याचे आवाहन केले.

स्वच्छ हवेचा उद्देश रास्तच आहे. त्याचा भार मात्र समान पडत नाही. मोठा व्यावसायिक राखीव ट्रक बाळगू शकतो. दोन-तीन ट्रकांवर चालणाऱ्या कुटुंबासाठी विक्रेत्याच्या तंत्रज्ञाची दोन दिवस वाट पाहणे म्हणजे हंगामाचा नफा गमावणे होय. दुरुस्तीचा हक्क त्यांच्यासाठी तत्त्वचर्चा नसून व्यवसायात टिकून राहण्याची अट आहे.