इंजिनाखालच्या टेकूची जबाबदारी कोणाची?

संपादक महाशय यांस,


आलापल्ली ते सिरोंचा या मार्गाच्या दुरवस्थेविषयी आपल्या पत्रात वारंवार लिहिले जाते व ते योग्यच आहे. परंतु त्या रस्त्याने खिळखिळी केलेली वाहने पुढे कोठे दुरुस्त होतात, ती कोण दुरुस्त करतो आणि त्या वेळी त्याच्या अंगावर कशाचा भार तोललेला असतो, याची वाच्यता कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत 'यांत्रिक मोटारगाडी' या व्यवसायाचा शिल्प निदेशक म्हणून ज्याची उमेदीची वर्षे खर्ची पडली, त्याला ही उपेक्षा सलते, म्हणून हा पत्रप्रपंच.

ज्याला आपले मिस्त्री इंजिनाचे फाउंडेशन रबर म्हणतात, ती वस्तू दिसण्यात क्षुद्र आहे : दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये घट्ट बसविलेला रबराचा ठोकळा. परंतु इंजिनाचा भार चासीवर उतरतो तो याच्याच द्वारे, आणि इंजिनाची थरथर सांगाड्यापर्यंत पोहोचू न देणे व क्लच सोडताच स्वतःच्याच जोराने एका अंगावर कलू पाहणाऱ्या त्या धुडाला आवरून धरणे, ही दोन्ही कामे त्याच्याच माथी असतात. चंद्रपूरचा वैशाख, गळक्या इंजिनातून झिरपणारे तेल, आणि सुरजागडच्या लोहखनिजाने किंवा धानाच्या पोत्यांनी भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये खड्ड्यातून ओढून काढताना बसणारा पीळ, या तिहींपुढे ते रबर फार काळ तग धरत नाही. ते तुटले की गिअरचा दांडा नाचू लागतो, गाडी निघताना खालून धाडकन आवाज येतो, आणि दुर्लक्ष झाल्यास पंखा रेडिएटरला जाऊन भिडतो. मग रबर बदलणे आले, व त्यासाठी इंजिन किंचित उचलून धरणे आले. हे उचलणे बहुधा दोन बोटांहून अधिक नसते. पण सहा सिलिंडरच्या ट्रकचे इंजिन साधारण चार-पाचशे किलोंचे असते, आणि त्या दोन बोटांच्या फटीत मिस्त्रीची बोटे असतात.

आमच्या मुलखातील रस्त्याकाठच्या गॅरेजांतून हे काम कसे चालते ते सांगतो. नाव कोणाचे घेत नाही, कारण प्रघात सार्वत्रिक आहे. चाकामागे हाताला येईल तो दगड, मुरमावर किंवा काळ्या मातीवर तसाच ठेवलेला बाटलीचा जॅक, आणि जॅकचे डोके थेट ऑइल चेंबरच्या पत्र्याला. जॅक नसेल तर झाडाच्या फांदीवरून साखळी टाकून इंजिन टांगले जाते, आणि फांदी किती भार सोसेल याचा अदमास मिस्त्री नजरेनेच घेतो. चेंबरचा पत्रा दबला की आतली तेल ओढणारी जाळी त्याला टेकते, तेलाचा दाब घटतो आणि रबराच्या खर्चात सुटणारे काम पुढे बेअरिंगांपर्यंत जाते. ही हानी निदान पैशाने तरी भरून येते. जॅकचे तसे नाही. त्याच्या पोटातील तेल एका सीलच्या भरवशावर भार पेलते, आणि सील झिजलेले असेल तर जॅक उतरण्यापूर्वी बहुधा सूचनाही देत नाही. पावसाने भिजलेल्या काळ्या मातीत तर जॅक शाबूत असूनही खाली बसतो.

योग्य रीत गूढ नाही. गाडी सपाट व कठीण जागेवर घ्यावी, हातब्रेक ओढावा, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे द्यावेत, बॅटरीची ऋण तार सोडवावी. गाडीच उचलणे भाग असेल तर चासीखाली आधाराच्या घोड्या लावल्याखेरीज कोणी खाली शिरू नये. जॅकखाली रुंद फळी, जॅक व इंजिन यांच्यामध्ये जाड लाकूड; शक्य तेथे भार चेंबरवर न घेता ब्लॉकच्या ओतीव भागावर घ्यावा. उचलताना पंखा, पाण्याच्या नळ्या, सायलेन्सरचा जोड यांवर दुसऱ्या इसमाची नजर असावी, आणि रबरावरचा भार सुटताच थांबून जॅकच्या शेजारी ठोकळ्यांची थप्पी रचावी, म्हणजे जॅक दगा देवो वा न देवो, इंजिन लाकडावर टेकेल. रबरे एका वेळी एकच सोडवावीत.

यावर ठरलेले उत्तर असे की, साहेब, जंगलात ही साधने आणायची कोठून? या युक्तिवादाचा मला अचंबा वाटतो. ज्या बल्लारशाहच्या आगारातून २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान रवाना झाले, ज्या आलापल्लीची कीर्तीच सागवानामुळे आहे, त्या मुलखात चौरस कापलेले आठ ठोकळे मिळू नयेत? उणीव लाकडाची नाही. गाडी संध्याकाळपर्यंत हवी असे फर्मावणारा मालक ठोकळे रचण्यास लागणाऱ्या अर्ध्या तासाचे दाम देत नाही, हे खरे कारण आहे. आणि अरुंद जागेत हात शिरतो म्हणून पुष्कळदा खाली पाठविला जातो तो गॅरेजातला सर्वांत लहान पोऱ्या, ज्याला नकार देण्याची मुभाच नसते. आजवर काही झाले नाही, असेही सांगितले जाते. परंतु ते सांगणारा नेहमी धडधाकट इसमच असतो.

कायदा गॅरेजातल्या या माणसांपर्यंत पोहोचत नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम २९ अन्वये भार उचलण्याच्या साखळ्या, दोर व तत्सम साधनांची बारा महिन्यांतून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी व्हावी लागे. पण तो अधिनियम सामान्यतः कामगारांची ठरावीक संख्या असलेल्या जागेसच लागू होता. मालक आणि दोन पोरे एवढाच पसारा असलेले गॅरेज त्याच्या हद्दीबाहेरच राहिले. खाणीच्या कुंपणाच्या आत सुरक्षेचे दप्तर चोख आणि त्याच खाणीचा माल वाहणारी गाडी कुंपणाबाहेर दगडावर तोललेली, ही विसंगती कोणाच्या हिशेबात बसते?

म्हणून माझी मागणी प्रवचनाची नसून तरतुदीची आहे. खनिजविषयक कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने खाणबाधित जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठाने अस्तित्वात आली, आणि त्यांच्या निधीतून करावयाच्या कामांत कौशल्यविकास ही अग्रक्रमाची बाब मानलेली आहे. चंद्रपूरचा कोळसा व गडचिरोलीचे लोखंड यांतून हा निधी जमतो. त्यातून आष्टी, अहेरी, एटापल्ली, राजुरा येथील गॅरेजांना घोड्यांच्या जोड्या, तपासलेली चेन पुली व लाकडी ठोकळे द्यावेत, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या निदेशकांनी वर्गात न बसता त्या त्या गॅरेजात जाऊन शिकवावे. मालवाहतुकीचे ठेके देताना, दुरुस्ती अशा सज्ज गॅरेजातच करावी, अशी अटही घालता येईल. पर्लकोटा नदीचे पाणी चढून भामरागडची वाट बंद होण्याच्या दिवसांत अडलेल्या गाड्या चिखलातच उघडल्या जातात. तेव्हा ही तजवीज मृगापूर्वी व्हावी, आणि निधी मंजूर करणाऱ्या परिषदेच्या येत्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर यावा.

कळावे,
आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक, चंद्रपूर