बुफेला टिप द्यायची का? माझं मत आणि हिशेब

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

शुक्रवारी चार मराठी कुटुंबं मिळून बाहेर जेवायला गेली की बिल येईपर्यंत सगळं मस्त चालतं. बिल आलं की कुणीतरी हळूच विचारतं, "टिप किती ठेवायची?" आणि लगेच दुसरं कुणीतरी म्हणतं, "अरे, बुफे होता ना? आपलं आपणच वाढून घेतलं, टिप कशाची?" हे वाक्य मी अल थुमामापासून लुसैलपर्यंत इतक्या टेबलांवर ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसले. माझं मत आधीच सांगून टाकते. इथे कतारमध्ये बुफेलाही टिप द्यावी. ती बिलाच्या टक्क्यांत न काढता माणसं मोजून काढावी. आणि मोजताना लहान मुलांची डोकी पूर्ण धरावीत.

मी सीए, त्यामुळे आकडे येणारच. आमच्या धंद्यात 'टीप' म्हणजे ताळेबंदाच्या खाली बारीक अक्षरात छापलेला मजकूर. तो कुणी वाचत नाही, आणि खरी गोष्ट नेमकी तिथेच असते.

तर, "आपलं आपणच वाढून घेतलं." खरंय, पण उचललं कुणी? साध्या हॉटेलात बसून जेवलो तर माणशी एक-दोन ताटल्या होतात. बुफेत सॅलडची वेगळी, स्टार्टरची वेगळी, जेवणाची, परत घेतलेल्या बिर्याणीची, मग गोडाच्या दोन. चार जणांच्या टेबलावरून सहज पंधरा-वीस ताटल्या उचलल्या जातात. शिवाय पाणी, जादा चमचे, टिश्यू, बाळाची हायचेअर, सांडलेलं सूप. वेटरचं आणायचं काम कमी झालं हे मान्य, पण उचलायचं वाढलं.

आपल्याकडच्या अनलिमिटेड थाळीची आठवण करा. तिथे वाढपी समोर उभा राहून "अजून एक पुरणपोळी?" म्हणून आग्रह करतो, त्यामुळे तो लक्षात राहतो आणि बडीशेपेच्या वाटीत नोट ठेवायला हात जड होत नाही. बुफेत मात्र येणारा माणूस मागून येतो आणि आपली उष्टी ताटली घेऊन जातो. आपण गप्पा मारत असतो, मानही वळवत नाही. उष्टी-खरकटी काढणं हे काम आपल्या घरांतून कुणाच्या वाट्याला यायचं, आणि त्याची कुणी दखल घ्यायचं का, हे मी मराठी बायकांना तरी सांगायला नको.

आता पगाराचा हिशेब. मार्च २०२१ पासून कतारमध्ये सर्व देशांच्या कामगारांना लागू असलेलं किमान वेतन आहे: महिना १००० रियाल मूळ पगार. मालकाने राहायची सोय केली नसेल तर ५०० आणि जेवणाची केली नसेल तर ३०० रियाल वर. कामाचे तास कायद्याने आठवड्याला जास्तीत जास्त ४८. म्हणजे ४८ गुणिले ५२ भागिले १२, महिन्याचे झाले २०८ तास. हजार भागिले २०८ केलं की तासाला साधारण ४ रियाल ८० दिरहम येतात. सगळेच वेटर किमान पगारावर असतात असं मी म्हणत नाही, चांगल्या हॉटेलांत जास्तही मिळतं. पण खालची पायरी ही आहे. त्या पायरीवरच्या माणसाला आपली १० रियालची एक नोट म्हणजे दोन तासांच्या मूळ पगाराहून जास्त. आपल्याला ती मॉलमधली एक कॉफीसुद्धा देत नाही.

म्हणूनच मला टक्क्यांचा हिशेब इथे पटत नाही. पंचतारांकित हॉटेलात माणशी २५० रियालचा ब्रंच घेतला की चौघांचं बिल १००० आणि दहा टक्के म्हणजे १००. तेच कुटुंब दुसऱ्या दिवशी साध्या दाक्षिणात्य हॉटेलात ९० रियालमध्ये डोसे खातं, तिथे दहा टक्के म्हणजे ९. डोसेवाल्या वेटरने चार वेळा सांबार आणून दिलं, मुलीचा तिखट डोसा बदलून दिला, तरी त्याला ब्रंचवाल्याच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. टक्क्यांत मोजलं तर जेवण कितीचं होतं तेच कळतं, वेटरचे श्रम कळत नाहीत.

टक्के आपल्या डोक्यात आले अमेरिकेतून. टेक्सासमधली माझी मावसबहीण इथे आली की वीस टक्के, वीस टक्के करते. तिच्या गावात ते बरोबरच आहे. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी तिथल्या कायद्यात चालतं, टिप धरून ७.२५ झाले की पुरे, कमी पडले तरच मालकाने भरायचे. हा २.१३ चा आकडा १९९१ पासून हललेला नाही. तिथे टिप हा पगाराचाच तुकडा आहे, म्हणून बसून जेवायला १५ ते २० टक्के आणि बुफेला १० टक्क्यांच्या आसपास अशी रीत पडली. पण त्यांनीही बुफेला शून्य धरलेलं नाही, हे आपल्या "टिप कशाची" मंडळींनी बघून ठेवावं.

यावर हमखास येणारा मुद्दा म्हणजे, "पगार देणं मालकाचं काम, माझं नाही." तत्त्व म्हणून मला मान्य आहे. पण हे तत्त्व फक्त टिप वाचवायला वापरलं जातं, एरवी नाही. त्याच तोंडाने आपण माणशी ३९ रियालचा बुफे शोधतो आणि ४५ चा महाग म्हणतो. मालकाने पगार जास्त द्यावा असं खरंच वाटत असेल तर मेनूवरचा भाव वाढलेला आनंदाने चालायला हवा. आणि बघा, आपल्या पगारावर इथे आयकर नाही, जेवणाच्या बिलावर व्हॅट नाही. दुबईतले आपले मित्र प्रत्येक बिलावर ५ टक्के देतात, सौदीतले १५ टक्के. तेवढं आपल्या खिशात तसंच राहतं.

दुसरा मुद्दा सर्व्हिस चार्जचा, आणि तो रास्त आहे. बिलात सर्व्हिस चार्ज आधीच घेतला असेल तर वर पुन्हा टिप का? माझी पद्धत अशी की बिल आल्यावर आधी खालच्या ओळी वाचते. सर्व्हिस चार्ज असेल तर वेटरला, मॅनेजर जवळ नसताना, साध्या हिंदीत विचारते: "भैया, ये पैसा आप लोगों को मिलता है?" उत्तर बहुतेक वेळा चेहऱ्यावरच मिळतं. मिळत असेल तर मी वर काही ठेवत नाही, फार तर पाच रियाल. मिळत नसेल तर जेवढी टिप ठेवली असती तेवढी हातात देते.

हा पैसा कुणाचा, यावर आपल्या सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आम्ही सीए लोक वाचलेला असतो. २०१६ साली, आयटीसीच्या हॉटेलांच्या प्रकरणात. प्रश्न टीडीएसचा होता: ग्राहकाने कार्डाने दिलेली टिप हॉटेलने कर्मचाऱ्यांत वाटली, तर ती पगार धरून मालकाने टीडीएस कापायचा का? कोर्टाने नाही म्हटलं. टिप ग्राहक देतो, मालक ती फक्त विश्वस्त म्हणून पुढे पोचवतो, नोकरीच्या कराराशी तिचा संबंध नाही. (वेटरच्या हातात ते करपात्र उत्पन्न आहेच, पण 'इतर उत्पन्न' म्हणून.) मला त्यातला 'विश्वस्त' हा विचार फार आवडतो. ब्रिटनने तर १ ऑक्टोबर २०२४ पासून कायदाच लागू केला: टिप असो वा सर्व्हिस चार्ज, पूर्ण रक्कम कामगारांना, पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत. लंडनच्या मैत्रिणींनो, तुम्हाला हा प्रश्न विचारायचीही गरज नाही.

सुट्टीत घरी गेलात तर तिथलं चित्र वेगळं आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की हॉटेलांनी बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावू नये. प्रकरण कोर्टात गेलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ग्राहकांच्या बाजूने निकाल दिला. छान झालं. पण गेल्या सुट्टीत पुण्यात एक गृहस्थ पाहिले, त्यांनी मॅनेजरला हा निकाल मोठ्या आवाजात ऐकवून सर्व्हिस चार्ज काढायला लावला आणि मग वेटरला एक रुपयाही न ठेवता निघून गेले.

सगळीकडे टिप द्या असंही माझं म्हणणं नाही. काउंटरवर जाऊन मीच माझा चहा उचलला आणि कार्ड मशीनने १५, १८, २० अशी बटणं दाखवली तर मी निवांत 'नाही' दाबते. पार्सल घेतलं तरी नाही. याउलट करक चहाच्या दुकानाबाहेर हॉर्न वाजवल्यावर जो मुलगा ४५ अंशांच्या उन्हात गाडीपर्यंत कप आणून देतो, त्याला एक-दोन रियाल द्यायलाच हवेत. जेवण गार होतं, बिर्याणीत मीठ जास्त होतं, म्हणून टिप कापणंही मला पटत नाही. मीठ वेटरने टाकलेलं नसतं.

मग किती? सर्व्हिस चार्ज नसेल तर मी असं धरते. साध्या हॉटेलात बसून जेवलो तर माणशी ३ ते ५ रियाल. बुफेला माणशी ५, हॉटेल स्वस्त असो की महाग. महागड्या ठिकाणी कुणी मन लावून बघितलं तर जास्त. मुलांचं ताट बुफेत अर्ध्या भावात असतं, काही ठिकाणी फुकट, पण टिपमध्ये मूल फुल तिकीट. आपलं पोर चार वेळा आइस्क्रीम आणतं, तीन वेळा अर्धवट टाकतं, खुर्चीखाली भात आणि गालिच्यावर जेली. वाकून ते पुसणारा माणूस स्वतःच्या पोराला फोनच्या पडद्यावर बघत असतो, दोन वर्षांतून एकदा घरी जातो. ज्यांचं घर एका पगारावर आणि शाळेच्या फीवर चाललंय त्यांना मी टिपवरून काही बोलणार नाही. पण त्यांनाही एवढं जमतं: उठायच्या आधी ताटल्या एकावर एक रचायच्या आणि भात मुलांकडून उचलून घ्यायचा.

एक व्यावहारिक अडचण आहे. कतारमध्ये २० रियालची नोटच नाही. १० नंतर एकदम ५०. त्यामुळे "सुट्टे नाहीत" म्हणून टिप राहून जाते. मी गुरुवारी कोपऱ्यावरच्या ग्रोसरीतून पाच-दहाच्या नोटा घेऊन पर्सच्या वेगळ्या कप्प्यात ठेवते. कार्डाने दिलेली टिप पोचते की नाही ते आपल्याला दिसत नाही, रोख हातात दिलेली दिसते. आमच्याकडे ती मुलगी देते, वेटरचं नाव विचारून.

सगळ्यात मोठी गळती मात्र मोठ्या गटात होते. ४० माणसं, तीन तास, दोन वाढदिवसांचे केक. एक जण कार्डाने बिल भरतो, घरी जाऊन दिरहमपर्यंत भागाकार करून आकडे पाठवतो. टिप त्याने ठेवली असेल असं बाकीच्यांना वाटतं, आणि त्याला वाटतं की कुणीतरी टेबलावर ठेवलीच असेल. चार वेटर रात्री एक वाजेपर्यंत ती खोली आवरतात, हातात शून्य. यात कुणाचीच दानत वाईट नसते, फक्त तो खर्च कुठल्याच खात्यात टाकलेला नसतो. उपाय सोपा आहे: भागाकाराच्या आधी टिप बिलात मिळवा.

पुढच्या शुक्रवारी आमच्या गटाचं जेवण आहे, १४ कुटुंबं, ४२ डोकी. यावेळी निरोपातच लिहून पाठवलंय: टिप माणशी ५, एकूण २१०, कुटुंबामागे १५ रियाल, रोख, जाताना माझ्याकडे द्यावेत. तेरा घरांतून अंगठे आले. एका वहिनींनी विचारलं, "अगं, आमचं बाळ सहा महिन्यांचं आहे, ते काही खात नाही. त्याचेही पाच?"

हो वहिनी, त्याचेही. हायचेअर त्यालाच लागणार आहे.